बिनहळदीची खिचडी

हिंगोलीच्या दवाखान्यात, तान्ह्या बाळांच्या खोलीबाहेर ती म्हातारी माझ्या शेजारी बसली होती. हळद शिजवून तळहात पिवळेधमक झालेले. ते ती सारखे पदराखाली झाकत होती. दोन दिवसांचा नातू आत निळ्या उजेडाखाली होता.

"मागचं लेकरू बी असंच पिवळं पडलं अन् गेलं," ती आपणहून म्हणाली. "मीच सुनंला बोलले, पोटुशी असून हळदीच्या कढईपाशी बसलीस, तूच खाल्लंस लेकराला. तवापासून ती जेवणात बी हळद घेत न्हाई."

"आणि आता?"

"डॉक्टरीणबाई सकाळी म्हनल्या, हळदीचा काई संबंध न्हाई. सुनंचं रगत निगेटिव्ह, लेकरांचं पॉझिटिव्ह. तिच्या अंगात लेकराच्या रगताला मारणारं कायतरी तयार व्हतं. थोरली पोरगी धड हाय, पण ती झाली तवाच सुनंला सुई दिली असती, तर पुढचं टळलं असतं."

"सुनेला सांगितलंत?"

तिनं तळहात पुन्हा पदराखाली ओढले. तेवढ्यात नर्सनं बाळंतिणीचा डबा मागितला. म्हातारीनं झाकण काढून पाहिलं. आत पांढरीफटक खिचडी होती. तिच्यात चिमूटभर हळद टाकायची, तर आधी सुनेला खरं सांगावं लागलं असतं.