सोबतीला पोलीस पाटील

माझी अक्कल अधूनमधून चरायला जाते, आणि नेमकी शाळेच्या वेळेत जाते. मागच्या वर्षी तिसरीत एक मुलगी आली. बाप मिस्त्री, घरं बांधायच्या कामासाठी बंगालमधून सिहोऱ्याकडे आलेला. आमच्या गावात खोली करून राहिले. पोरगी महिनाभरात अशी फाडफाड आमची बोली बोलायला लागली, की मीच तिला "शुद्ध बोल" म्हणून दटावायची. माझं स्वतःचं शुद्ध, तपासणीला साहेब आले की तेवढ्यापुरतं.

मग ऑनलाइन माहिती भरायची घाई आली. मी वर्गात गरजली, "उद्या आईबाबाचे कागद आना! जन्म कुठचा, गाव कुठचं, सारं पायजे. नाही तं नाव कटते!" नाव-बिव काही कटत नव्हतं. पण धाक घातल्याशिवाय मला शिकवल्यासारखंच वाटत नाही.

दुसऱ्या दिवसापासून पोरगी बंद. चौथ्या दिवशी तिची मैत्रीण म्हणाली, "म्याडम, ते गाव सोडून जाऊन राहिले. बंगाली बोलनाऱ्यायले धरून बॉर्डरपार टाकून देतेत म्हने. तिच्या बाबाच्या मोबाईलवर आलं." मी नेमकं तेच विचारलं होतं, जन्म कुठचा!

समजूत घालायला निघाली. आमच्याकडे कोणाचीही समजूत घालायची तर पोलीस पाटलाला सोबत न्यायची रीत. आमचा पाटील म्हणजे तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत फिरणारा भला माणूस. तो दारात आला की लोक चहा ठेवतात. मी दारातूनच ऐटीत ओरडली, "घाबरू नका, पोलीस पाटील आले आहेत!"

आत भांडं पडलं. मागच्या दारानं आई पोरीला ओढत धानाच्या बांधीत पळाली.

"म्याडम, तुमी पोलीस काहून म्हनलं?" पाटील कपाळावर हात मारून म्हणाला. मी पन्नाशीची बाई, साडी गुडघ्याशी धरून चिखलात त्यांच्या मागे. "अवो थांबा! मी आहो, शाळेची म्याडम!" धपकन पडली. पोरगी वळून खो-खो हसायला लागली, म्हणून आई थांबली. तिच्या पदराखाली प्लास्टिकच्या पिशवीत सारे कागद होते. आधार, मतदार कार्ड, सारे. तरी पळाली होती. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. बांधावरच बसून मी माफी मागितली. कागद असो नसो, पोरीचं नाव कटणार नाही, असं चारदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आई पोरीला घेऊन फाटकाशी आली. आत सोडेना. "म्याडम, शाम को हम लेने नहीं आए तो?"

असं होत नाही, असं मी म्हणणार होती, पण ते माझ्या हातात नव्हतं. पोरीच्या वहीवर मी माझं नाव, घर, फोन नंबर लिहिला. म्हटलं, "मेरे घर रहेगी. आप आने तक."

आईला वाचता येत नव्हतं. तिनं पोरीकडून ते वाचून घेतलं, नंबर तोंडपाठ होईपर्यंत पुन्हा पुन्हा. मग तिचा हात सोडला.