बुरशी आलेली एकच स्लाइस

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतल्या मावशींच्या हातून परीक्षानळी फुटली, तर त्या तुकडे सुपडीत घेऊन स्वतःच माझ्यासमोर येतात. "बाई, माझ्याकडून गेली," एवढं सांगून मोकळ्या. अकरा वर्षांत त्यांनी एकदाही ते दुसऱ्याच्या माथी मारलेलं नाही. आधी सगळे संडास, मग वर्ग, शेवटी माझी प्रयोगशाळा, असा त्यांचा दिवस. त्यांची लेक आमच्याच शाळेत चौथीत आहे. आईचं काम संपेपर्यंत ती सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसते आणि प्रश्न विचारून माझं डोकं खाते.

यंदा मी 'घरोघरी विज्ञान' अशी टूम काढली. चौथीच्या प्रत्येक घराला ब्रेडच्या दोन स्लाइस दिल्या. घरातल्या मोठ्या माणसाने कामावरून आल्या आल्या, हात न धुता, एकीवर पंजा दाबायचा. मग साबणाने हात धुऊन दुसरीवर. वर पाण्याचे दोन थेंब टाकून पिशव्या बंद करायच्या आणि मुलाने सात दिवस रोज बघून चित्र काढायचं.

आठव्या दिवशी शाळेत प्रदर्शन होतं, पहिल्या नंबराला प्रमाणपत्र; अठ्ठावीस घरं पिशव्या घेऊन आली. सत्तावीस घरांच्या दोन्ही स्लाइस पांढऱ्याशुभ्र! एक दाबून पाहिली, तर लुसलुशीत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपल्या घराची शोभा व्हायला नको म्हणून या शिकल्यासवरल्या लोकांनी सकाळी ताजा ब्रेड आणला होता, आणि पोरांकडून सात दिवसांची चित्रं एका बैठकीत काढून घेतली होती. पोरं माना खाली घालून उभी. मला त्या पांढऱ्या स्लाइसची किळस आली.

अठ्ठाविसावी जोडी मावशींच्या लेकीची. एक स्लाइस हिरवीकाळी, केसाळ. दुसरीवर जेमतेम दोन ठिपके. व्हायला हवं होतं अगदी तसं. सोबत सात चित्रं. हिरवा खडू संपला म्हणून शेवटची दोन पेनाने काढलेली.

"शी! कुठल्या घरातून आलंय हे?" एका आईने नाकाला रुमाल लावला. बाकीचे हसले. मुख्याध्यापिका माझ्या कानाशी लागल्या, "ती घाण आधी टेबलाखाली सारा. फोटो काढायचेत."

लेकीने पिशवी पोटाशी धरली.

मावशी पुढे आल्या. "माझा हात आहे तो. इथले संडास धुऊन घरी गेले आणि बाईंनी सांगितलं तसा न धुता दाबला. घाण तुमच्याच मुलांची आहे, ताई."

खरा प्रयोग हा एकच आहे, एवढं मला बोलायचं होतं. मुख्याध्यापिकांनी डोळे वटारले. मी लेकीच्या हातातून पिशवी काढून घेतली आणि टेबलाखाली ठेवली. पहिला नंबर एका पांढऱ्या जोडीला गेला. प्रमाणपत्रावर सही माझी. थू माझ्या शिकवण्यावर!

सोमवारी ओल्या कापसावर बिया रुजवायच्या होत्या. मी पुड्या वाटत होते. लेक आईच्या मागे उभी होती, पुढे येईना. शेवटी मावशींनीच पुडी घेतली. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, रागही नव्हता.

"बाई, या वेळी काय दिसायला पाहिजे ते आधीच सांगून ठेवा. पोरगी तसंच आणेल."