पाचव्या खेट्याचा गुलाल

“वाच! अगं वाच की! चित्राकडं काय बघतीस, अक्षराकडं बघ!”

ही ओरडणारी बाई मीच. वेळ सकाळी साडेनऊची, ठिकाण कसबा बावड्यातलं आमचं स्वयंपाकघर, आणि समोर चटईवर पुस्तक घेऊन बसलेली माझी थोरली लेक सई, वय वर्षं साडेसात. आवाज असा लागला होता की पंचगंगेत डुंबणाऱ्या म्हशी घाबरून काठावर आल्या, असं आमच्या मामांचं म्हणणं. मामा म्हणजे माझे सासरे. ते थोडं वाढवून सांगतात. मीही सांगते. पण देवाच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही. फार तर चाळीस माणसांची गर्दी चारशेची करते, तेवढी सूट त्यानंही दिलेली आहे.

आम्ही मुलींना शाळेत घालत नाही, घरीच शिकवतो. कोल्हापुरात हे सांगणं म्हणजे आमच्या घरी तांबडा रस्सा चालत नाही असं सांगण्यासारखं आहे. माणसं आधी माझ्याकडं बघतात, मग आमच्या मालकांकडं, म्हणजे माझ्या नवऱ्याकडं, कीव आल्यासारखं बघतात. सई एक वर्ष शाळेत गेली होती. बाई चांगल्या होत्या, शाळाही चांगली होती, पण रोज सकाळी पोरीच्या पोटात दुखायचं आणि रविवारी दुखायचं नाही. गर्दीत मिटून जाणारी पोर ती. मग मालक आणि मी बसून ठरवलं की घरीच शिकवू. साखर कारखान्याचा भोंगा झाला की आमची शाळा भरायची. दोन विद्यार्थिनी, एक मास्तरीण आणि तपासायला येणारे पाहुणे सतराशे साठ. पोरी उसाच्या ट्रॉल्या मोजायच्या, कांदे तोलायच्या, म्हशीला पाण्याच्या किती बादल्या लागतात हे भिंतीवर रेघा मारून लिहायच्या. एकदा ऐकलेली गोष्ट सई आठ दिवसांनी शब्दाला शब्द सांगायची. सगळं उत्तम चाललं होतं. सुटी अक्षरं ओळखायची, अडलं होतं ते फक्त वाचन.

आणि हेच माझ्या वर्मी बसलं होतं. बारा वर्षं मी गल्लीतल्या पोरांच्या शिकवण्या घेते. निम्मी गल्ली माझ्या हाताखाली वाचायला शिकली. ‘दगड आणून द्या, महिन्याभरात वाचायला लावते’ असं मी भर हळदीकुंकवात बोललेली बाई. आता माझ्याच पोटची पोर पुस्तक उघडलं की खिडकीबाहेर बघू लागली. त्यात धाकट्या जुईनं कहर केला. ती पाच वर्षांची, आमच्या समोर नुसती खेळत बसायची. एक दिवस कळलं की समोर बसून बसून ती उलटं वाचायला शिकलेली आहे! पुस्तक सरळ करून दिलं तर म्हणायची, “आई, उलटं धरलंस.” गल्ली हसली, मी हसले. सई हसली नाही.

त्या सकाळी मी ओरडून दमले तेव्हा सईनं पुस्तक हळूच मिटलं आणि विचारलं, “आई, मी ढ हाय का?”

शाळेत तिला असं कुणी म्हणू नये म्हणून तिला घरी आणलेलं, आणि ते तिला घरातच सापडलं. मामा दारात उभे होते. ते म्हणाले, “पोरगी घरात, पुस्तक घरात, मास्तरीण घरात. विद्या तेवढी भायेर ऱ्हायलीया. जून लागला की शाळेत घालायची. माझा शेवटचा शब्द.” त्यांनी फॉर्मसुद्धा आणून ठेवला होता. मामांचा शेवटचा शब्द आमच्या घरात दिवसातून सहा वेळा निघतो, पण या वेळी मालकांनी तो फॉर्म वाचायला घेतला, आणि हा शब्द खरंच शेवटचा आहे हे मी समजले.

माघ महिना लागत होता. आमच्याकडं माघातल्या रविवारी जोतिबाला अनवाणी चालत जायची रीत आहे, त्याला खेटे घालणं म्हणतात. पाच रविवार, पाच खेटे. मी देव्हाऱ्यापुढं उभी राहिले आणि सरळ बोलले, “देवा, पाच खेटे घालते. पाचव्यापर्यंत पोरीला वाचायला लाव. नाहीतर तुझं तू बघ.” नवस बोलायची ही पद्धत नव्हे, हे मला कळत होतं. पण जोतिबा आमचा घरचा देव आहे. घरच्या माणसाशी कुणी अर्ज लिहून बोलतं का?

खरी चूक पुढंच झाली. देवावर सोपवलं म्हणाले, आणि पिशवीत नारळाशेजारी अंकलिपी घातली. पहिल्याच खेट्याला बंधारा ओलांडून निगव्याच्या वाटेला लागलो तशी मी सुरू झाले. “सई, तो बोर्ड वाच. सई, त्या दुकानावर काय लिहिलंय? वाढदिवसाचा फलक हाय बघ, नाव तरी वाच.” देवाच्या वाटेवर लोक ‘चांगभलं’ म्हणत चाललेले आणि मी बोर्डं दाखवत चाललेली. कोल्हापूर ते जोतिबा या वाटेवर फलक किती आहेत हे मला विचारा. लाखभर तरी असतील. चौथ्या खेट्याला माझ्या लक्षात आलं की पोर मान खाली घालून चालते आहे. मला वाटलं खडे टोचतात म्हणून वाट बघून पाय टाकते. डोंगर चढून झाल्यावर जुईनं खुलासा केला, “ताई बोर्ड दिसू नये म्हणून खाली बघतीया.” ते ऐकूनही मी अंकलिपी काही पिशवीतून काढली नाही. मी हट्टी आहे. हे माहेरून आणलेलं आहे.

पाचवा खेटा. पहाटे निघालो, जुई मालकांच्या खांद्यावर, सई माझ्या हाताला. त्या दिवशी मी बोर्ड दाखवले नाहीत, कारण आदल्या दिवशी मालकांनी तशी शपथ घातली होती. पण आतून नुसती उकळत होते. डोंगरावर पोचलो तेव्हा पालखीची वेळ झाली होती. माणसं अशी की तीळ टाकला तर तो खाली पडायच्या आत चार जणांनी झेलला असता. पालखी आली, ‘चांगभलं’चा गजर उठला, गुलाल-खोबऱ्याची उधळण सुरू झाली, आणि मी तोंड वर करून, डोळे टक्क उघडे ठेवून देवाला आठवण करून देत होते, “आज पाचवा हाय बरं का!” तेवढ्यात कुणीतरी मूठभर गुलाल उधळला तो थेट माझ्या दोन्ही डोळ्यांत.

आग झाली हो डोळ्यांची. आधी सगळं लाल झालं, मग काहीच दिसेना. रेट्यात मालक आणि जुई कुठं गेले कळलं नाही. फोन मालकांच्या खिशात. हाताला फक्त सईचा हात राहिला होता. त्या पोरीनं मला ओढत, लोकांना “जरा वाट द्या की वो!” असं चक्क ओरडून सांगत गर्दीबाहेर काढलं आणि एका पायरीवर बसवलं. गर्दीत मिटून जाणारी माझी पोर! तिचा एवढा मोठा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. घरात मी कुणाला आवाज काढायला जागाच ठेवली नव्हती, हे तिथं बसून पहिल्यांदा कळलं.

तेवढ्यात शेजारून एका म्हातारीचा आवाज आला, “चोळू नगंस बाई, आंधळी हुशील. पाणी हाय का?” सईनं पिशवीतली बाटली काढून दिली. म्हातारीनं माझं डोकं मागं धरून डोळे धुतले, स्वतःच्या पदराचं टोक ओलं करून वर दाबलं आणि दम दिला, “आता मिटूनच बस. उघडलंस तर बघ.” मला उभ्या आयुष्यात इतक्या जोरात कुणी दम दिला नव्हता. मी बसले मिटून.

मग ती सईकडं वळली आणि आमच्याकडच्या जुन्या बायका बोलतात तशी, पुरुषी धाटणीत बोलू लागली. “बाय, मी इचलकरंजीची. आम्ही सगळी टेम्पोनं आलोय, आणि मी चुकलो. नातवानं ही चिठ्ठी दिलीया कनवटीला. ह्यात काय लिवलंय सांग बरं. मी काय शाळंत गेलो न्हाय.”

दोन हात पुढं करून मी म्हणाले, “आजी, तिला नाही हो येत, मी...”

“तू गप ऱ्हा. तुला इचारलंय व्हय? आणि वाचणार कशानं, कानानं?”

मी गप्प बसले. आयुष्यात पहिल्यांदा बसले, असं मालक म्हणतील. डोळ्यांवर ओला पदर, कानांवर गजर, आणि शेजारी माझी पोर कागद उलगडते आहे त्याची सळसळ. अक्षर कुठलं, काना आहे का वेलांटी, मला काही दिसत नव्हतं. ‘सुटं सुटं कर’ असं सांगायला जीभ वळवळत होती, पण सांगणार कशाच्या आधारावर? मनात एवढंच आलं, देवा, आता माझ्या हातात काही नाही. आणि खरं सांगते, पाच खेट्यांत देवाशी खरं बोललेलं तेवढं एकच वाक्य.

मग सईचा आवाज आला. हळू, अडखळत, चढणीवर दम घेत चालावं तसा. “आ... क्का. आक्का. टे... टेम्पो... गा... य... गायमुखा... जवळ... वडाखाली... उभा आहे. चु... कलीस तर... घाबरू नकोस. तू... येई... पर्यंत... आम्ही थांबतो.”

म्हातारीनं विचारलं, “थांबत्यात म्हणतोय?”

“व्हय,” सई म्हणाली, आणि शेवटची ओळ पुन्हा वाचली. या वेळी न अडखळता. “तू येईपर्यंत आम्ही थांबतो.”

“मग काय घाई हाय!” असं म्हणून म्हातारी आमच्याशेजारी ऐसपैस बसली. आपल्याजवळचं खोबरं तिनं फोडून आम्हाला दिलं, सईला कुठल्या गावची, कुणाची, म्हस किती दूध देते सगळं विचारलं. माझ्या डोळ्यांतून पाण्याची धार लागली होती. म्हातारीला वाटलं गुलाल. मीही तसंच वाटू दिलं. ते वाक्य एका नातवानं आपल्या आजीला लिहिलेलं होतं, पेनानं, घाईत, हे मला मान्य आहे. पण ज्या रविवारी, ज्या पायरीवर, ज्या तोंडातून ते माझ्या कानावर आलं, त्याचं मी दुसरं काय करू? दीड वर्ष मी पोरीच्या पुढं पुढं पळत होते आणि मागं वळून ‘ये लवकर’ म्हणून ओरडत होते. थांबते म्हणून कधी सांगितलंच नव्हतं.

जाऊबाई मंगळवार पेठेत राहतात, त्यांना सांगताना मी म्हातारी डोळ्यांदेखत अंतर्धान पावली असं सांगितलं. खरं तर माझे डोळे मिटलेले होते आणि ती गायमुखाच्या बाजूला चालत गेली, पायऱ्यांवर तिच्या काठीचा आवाज मी ऐकला. जाताना माझी पाण्याची बाटलीही घेऊन गेली. पण जाऊबाईंनी हात जोडले, तर मी कशाला मोडता घालू?

थोड्या वेळानं डोळे किलकिले झाले, मालक शोधत आले, आणि आम्ही उतरायला लागलो. परतीच्या वाटेवर सईनं एकही बोर्ड वाचला नाही. मीही वाच म्हटलं नाही. पोरीनं चिठ्ठी वाचली हा एक चमत्कार, आणि हा दुसरा त्याहून मोठा.

घरी मामांना सगळं सांगितलं. संध्याकाळी त्यांनी चष्मा काढून खिशात घातला आणि टेबलावरची लग्नपत्रिका सईपुढं धरली. “बघ गं, कुणाचं लगीन हाय. मला दिसंना.” आमच्याकडच्या पत्रिका तुम्हाला माहीत आहेत. नवरा-नवरी वरच्या कोपऱ्यात आणि खाली अख्ख्या तालुक्याची नावं. सई अर्धा तास वाचत होती, निम्म्या नावांचा तिनं चुराडा केला, आणि प्रत्येक नावावर मामा त्या माणसाची एक गोष्ट सांगत होते. तिला गोष्टी हव्या होत्या म्हणून ती पुढचं नाव वाचत होती. मी भाकरी थापत होते, वळून बघितलंसुद्धा नाही. शेवटी मामा म्हणाले, “जून लांब हाय अजून.” शाळेचा फॉर्म म्हशीच्या औषधाच्या डब्याखाली गेला.

आमची शाळा आजही भोंग्यावर भरते. मी ओरडत नाही असं नाही. म्हस खुंटा सोडून गेली की ओरडते, जुई पिठात पाणी ओतते तेव्हा तर फारच ओरडते. पण पुस्तकावरून नाही. आता मी पेरते आणि बाजूला होते. उगवणं माझ्याकडं नाही, हे मानल्यापासून जीव हलका झाला. देवाचे उपकार मानते, आणि त्या अनोळखी हाताचेही, ज्यानं नेम धरून गुलाल मारला. जोतिबा, तू मला डोळे मिटायला शिकवलंस. मी उघडे ठेवून फार गोंधळ घातला होता.

पाचव्या खेट्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सईची वेणी घालताना मात्र राहवलं नव्हतं. शेवटी मी मीच. विचारलं, “काय गं सई, दीड वर्ष मी घसा फोडून ‘वाच, वाच’ म्हणत होते, तेव्हा का नाही वाचलंस? आणि त्या आजींनी एकदा सांगितलं तर लगेच?”

तिनं मान न वळवता सांगितलं, “तुला वाचता येतंय की.”