एनिडचा वाऱ्यावर तळलेला मासा

तर आगीचा बंब गल्लीत शिरेपर्यंत आग विझली होती, इथवर काल आलो होतो आपण. विझवली कुणी, ते सांगायचं राहिलं. एनिडनेच! गॅसवरच्या, बटाट्याच्या जाड चिप्स तळायच्या पातेल्यातली चरबी पेटली, पडदा गेला, भिंत काळी झाली. आणि या बाईने टॉवेल ओला केला, घट्ट पिळला, पातेल्यावर टाकला, गॅस बंद केला आणि बाहेर पायरीवर येऊन बसली. अंगात एप्रन, हातात चहाचा मग. मी शेजारचा, पाण्याची बादली घेऊन धावत गेलो, तर माझ्यावरच ओरडली, "पेटत्या चरबीवर पाणी ओतायला निघालास, विल्फ? इतकी वर्षं जगलास तरी कसा तू?"

बंबावरचा जवान मोठा गोडबोल्या. छताला धुराची घंटा बसवून दिली, मग पातेलं काखोटीला मारलं आणि म्हणाला, "आजी, हे आम्ही घेऊन जाणार. बदल्यात हे घ्या." गाडीतून त्याने एक खोकं काढलं. आत एअर फ्रायर. चिप्सच्या पातेल्यांपायी आमच्याकडे इतकी स्वयंपाकघरं जळाली आहेत, की बंबवाल्यांनीच ही अदलाबदल काढली होती.

"आजी असेल तुझ्या घरी," एनिड म्हणाली. "आणि यात चरबी कुठे ओतायची?"

"ओतायचीच नाही. आत गरम वारा फिरतो."

"गरम वारा तर तुझ्या तोंडातूनही येतोय. त्यावर मासा तळून होतो का?"

जवान हसत हसत गेला. पातेलं मात्र घेऊन गेला.

आता ही एनिड व्हेरिल म्हणजे कोण, ते नीट सांगतो. आमच्या व्हिटबी गावात बंदराच्या कडेला व्हेरिलांचं मासे-चिप्सचं दुकान होतं. तिचा बाप होडीवाला. शाळा सुटली त्याच आठवड्यात पोरगी त्या दुकानाच्या मागच्या दारी बटाटे सोलायला बसली आणि उठली ती मालकाच्या मुलाशी, आर्नल्डशी, लग्न करूनच. आर्नल्ड गरीब गाय. दुकान चालवलं हिने. पाण्यात भिजल्याने कायम लाल असलेले हात, बोटांवर चरबीच्या शिंतोड्यांचे पांढरे डाग, आणि आवाज असा की धक्क्यावरच्या गल पक्ष्यांनी उडून जावं.

एकदा दक्षिणेकडचा एक पाहुणा आला, चांगला कोटबिट घातलेला. म्हणाला, "कॉड द्या, आणि साल राहू द्या." रांगेतल्या माना वळल्या. आमच्याकडे कॉड नाही, हॅडॉक मासा तळतात, साल काढून, चरबीत. एनिडने झारा खाली ठेवला. "कॉड? तो समोर समुद्र आहे, तिथे असेल. साल त्याच्याच अंगावर आहे. जा, घेऊन ये, मी थांबते." पाहुण्याने मुकाट्याने हॅडॉक खाल्ला, आणि पुढच्या उन्हाळ्यात बायकोला घेऊन परत आला, बरं का!

आर्नल्डला गुरुवारी मातीआड केलं. शुक्रवारी दुपारी दुकानाचं दार उघडं. आमच्या चॅपलमधली एक बाई रांगेतूनच म्हणाली, "एनिड, आज तरी बंद ठेवायचं होतंस गं." एनिडने तिच्या मटारांवर व्हिनेगर शिंपडलं आणि म्हणाली, "तू रांगेत कशाला उभी आहेस मग?" शुक्रवार म्हणजे मासा. तो तिने कधी चुकवला नाही, दुकान विकल्यानंतरही नाही. घरी, त्या पातेल्यात, दर शुक्रवारी.

म्हणून हे पातेलं जाणं म्हणजे नुसतं भांडं जाणं नव्हे. तिचा मुलगा कीथ लीड्सला असतो. पोरगा चांगला, पण काळजी करण्यात पहिला नंबर. आगीचं कळल्यावर त्याने म्हाताऱ्यांच्या एका निवासात आईसाठी खोली बघून ठेवली. तिथे जेवण आयतं, चुलीला हात लावायचा नाही. एनिड म्हणाली, "मी येणार नाही." कीथ म्हणाला, "पुन्हा काही झालं तर मी विचारणार नाही, आई, घेऊनच जाईन."

आणि झालं ना!

शुक्रवार आला. हॅडॉक ताजा, पीठ बिअरमध्ये भिजवलेलं, दुकानातल्यासारखं. आता दुकानाची रीत अशी: मासा शेपटीला धरायचा, पिठात बुडवायचा, आणि कढईत हलवत हलवत आपल्यापासून दूर सोडायचा. जन्मभराची सवय ती! हिने तसाच तो एअर फ्रायरच्या जाळीत सोडला. अगदी मनगट वळवून, जपून, जणू खाली उकळती चरबीच आहे. खाली चरबी कुठली? भोकं होती. पीठ गेलं भोकांतून तळाशी, राहिलेलं वाऱ्याने उडवून वरच्या तापलेल्या तारेवर नेलं, आणि धूर असा सुटला की घंटा बोंबलायला लागली. मी भिंतीपलीकडून पोचलो तोवर फोनही वाजत होता. कीथ!

"आई, ते काय वाजतंय?"

"रेडिओ."

"आई, ती धुराची घंटा आहे."

"मग विचारतोस कशाला?"

मी खुर्चीवर चढून घंटेखाली टॉवेल हलवत होतो. पलीकडून कीथ म्हणाला, की निवासवाले ती खोली पुढच्या शनिवारपर्यंतच अडवून ठेवतील, म्हणून आदल्या दिवशी, शुक्रवारी, तो तिला न्यायला येतोय. एनिडने फोन दुसऱ्या कानाला लावला. तिच्या भुवईला पीठ लागलं होतं.

"ये," ती म्हणाली. "जेवायच्या वेळेला ये. याच वाऱ्याच्या खोक्यातला मासा आणि चिप्स वाढीन. ताटात एक घास जरी टाकलास तरी मी मुकाट्याने गाडीत बसेन. ताट साफ केलंस, तर त्या खोलीचं नाव काढायचं नाही. बोल!"

कीथ हसला, पण हो म्हणाला. काय बिघडतंय, असं त्याला वाटलं असणार.

त्यानंतरचे दिवस माझ्या पोटाला विचारा. चिप्स लवकर जमल्या. जाड कापायच्या, धुवायच्या, पाण्यात अर्धवट उकडायच्या, फडक्यावर पसरून खडखडीत कोरड्या करायच्या, मग चमचाभर वितळलेली चरबी चोळून जाळीत टाकायच्या आणि मधूनमधून हिसडायच्या. बाहेरून खुसखुशीत, आतून पिठूळ. मी म्हणालो, "एनिड, या तर दुकानापेक्षा भारी!" ती म्हणाली, "खोटं बोलू नकोस. पण आणखी घे."

मासा मात्र ऐकेना. पीठ घट्ट केलं, तर वर पापुद्रे आणि खाली चिकट. पावाचा चुरा लावला, तर तिनेच तो तोंडातून काढला. "हे दवाखान्यातलं जेवण आहे," म्हणाली. नुसतं कोरडं पीठ लावलं, तर मासा खडूच्या भुकटीत लोळल्यासारखा दिसायला लागला. ते सगळं मी खाल्लं. कुणीतरी खायला हवं होतं. गुरुवारी सकाळी तिने एप्रन सोडून खुंटीला अडकवला आणि खिडकीत जाऊन उभी राहिली. तिला इतकी गप्प मी आर्नल्डच्या वेळीही पाहिली नव्हती.

मला ते बघवेना. मी सटकलो, बंदरावर गेलो, आणि आता सांगायला हरकत नाही, लोरेनच्या दुकानातून चिप्स घेतल्या. लोरेन म्हणजे जिने एनिडचं दुकान विकत घेतलं ती. एनिडच्याच हाताखाली शिकलेली. तिने पाटीवरचं व्हेरिल नाव पुसून स्वतःचं घातलं, तेव्हापासून एनिडने त्या दारात पाय ठेवला नव्हता, आणि मीही ठेवू नये अशी तिची अपेक्षा. बाकावर बसलो, कागद गुडघ्यावर पसरला. वर मूठभर चुरा. तळताना मासळीचं पीठ सुटून वर तरंगतं ना, ते कुरकुरीत कण लोरेन झाऱ्याने काढून ठेवते. मागणाऱ्याला फुकट. चिप्स आधी संपल्या, चुरा गार झाला, तरी मी एकेक कण टिपत बसलो होतो.

"विल्फ!"

मागे एनिड. हातात बाजाराची पिशवी. मी कागद लपवायला गेलो, तो मांडीवरून घसरला.

"लोरेनचं खातोयस."

"चुरा आहे नुसता," मी म्हणालो. तोंड भरलेलं होतं.

ती काहीतरी जहरी बोलणार होती, तोंड उघडलंही होतं. पण थांबली. वाकली, माझ्या तोंडाजवळ कान आणला. लोक बघायला लागले.

"चाव," ती म्हणाली.

"काय?"

"चाव म्हणते ना!"

मी चावलो. कुर्रर्र.

"गार झालाय ना तो?"

"बर्फासारखा."

"आणि अजून वाजतोय," एनिड म्हणाली, आणि माझ्याकडे पाठ करून तडक दुकानाकडे निघाली. मी मागे, कागद तिथेच टाकून. गल लगेच उतरले त्याच्यावर.

दुकानात दुपारची गर्दी ओसरली होती. लोरेनने एनिडला दारात पाहिलं आणि हातातला झारा तसाच धरून उभी राहिली.

"मिसेस व्हेरिल! काय देऊ तुम्हाला?"

"चुरा."

"नुसता चुरा? मासा नको?"

"मासा माझ्याकडे आहे. चुरा दे, भरपूर. पिशवी तोंडापर्यंत भर."

लोरेन भरत होती. भरता भरता हळूच म्हणाली, "पाटीबद्दल काही म्हणायचंय का?"

"पाटी वाकडी लागलीय," एनिड म्हणाली. "चरबी मात्र चांगली ठेवलीस गं. बदलू नकोस."

लोरेनचे कान लाल झाले. एनिडच्या तोंडून कौतुक ऐकायला त्या पोरीने काय काय सोसलं असेल, ते मला ठाऊक आहे.

घरी येऊन एनिडने चुरा लाटण्याने भरडला. फार बारीक नाही, खडे राहतील इतपत. मासा पुसून कोरडा केला, मैदा लावला, अंड्यात बुडवला, आणि तो भरडा हाताने दाबून दाबून बसवला. जाळीला चरबीचं बोट फिरवलं, खोकं आधी तापवलं, मग मासा अलगद आडवा ठेवला. या वेळी मनगट वळवलं नाही. वारा सुरू झाला. घंटा गप्प. आम्ही दोघं खोक्याच्या काचेतून आत बघत बसलो, जसे आमच्या तरुणपणी लोक पहिल्यांदा टीव्ही बघत बसायचे. बाहेर काढल्यावर तिने सुरीची पाठ त्यावर टेकवून ओढली. ती जशी खरखरत गेली, तशी एनिड खुर्चीत बसली आणि कितीतरी वेळ तिने सुरी हातातून सोडली नाही.

शुक्रवारी कीथ आला. हातात पट्ट्या लावलेली रिकामी बॅग. ती त्याने दारातच ठेवली. टेबलावर ब्रेड-लोणी, चहा, आणि रात्रभर भिजवून शिजवलेले घोटलेले मटार. खोक्यात एका वेळी एकच मासा मावतो, म्हणून तिने फर्मान काढलं: एकाने खायचं, बाकीच्यांनी बघायचं. कीथ पहिला.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर वाढलेला पोरगा तो. त्याला फसवणं सोपं नाही. त्याने काट्याने कडेचा तुकडा मोडला, कान देऊन ऐकला, तोंडात टाकला. चावला. आईकडे पाहिलं. मग ताटाकडे. मग पुढचा तुकडा मोडला. मी मनात म्हणत होतो, टाकू नको रे बाबा, काही टाकू नको. शेवटी ताटात पडलेले कण त्याने ब्रेडच्या तुकड्याने गोळा केले आणि तेही खाल्ले. मी टाळ्या वाजवणार होतो, पण एनिडने डोळे वटारले.

"मासा फार छान झालाय, आई," कीथ तोंड पुसत म्हणाला. "पण प्रश्न माशाचा नाहीच ना. उद्या तू पडलीस तर?"

"तर भिंत ठोकीन. पलीकडे विल्फ आहे."

"विल्फकाका तुझ्यापेक्षा मोठे आहेत!"

"म्हणूनच रोज सकाळी मी त्याची भिंत ठोकते. उत्तर आलं की चहा टाकते."

कीथला हसू आलं. ते त्याने दाबलं. दारातल्या बॅगेकडे बघितलं, मग म्हणाला, "मग उद्या त्या निवासवाल्यांना मी काय सांगू?"

एनिडने दुसरा मासा भरड्यात लोळवला, हात एप्रनला पुसले, आणि म्हणाली, "सांग त्यांना, ती खोली अशा कुणाला तरी द्या, जिला शुक्रवारी दुसऱ्याच्या हातचं खाल्लेलं चालतं. आणि आता ऊठ त्या खुर्चीवरून, विल्फची पाळी आहे."