वासुदेवरावांचे दोन दात

आष्टी तालुक्यात कुठंही बैलांच्या शर्यतीचा शंकरपट भरला, की माईकवर वासुदेवरावच हवेत, असा गावोगावचा आग्रह असे. बैलजोडी सुटली की त्यांची जीभ बैलांच्याही पुढे पळायची. कोणती जोडी कोणत्या गावची, मागच्या पटात तिनं किती सेकंद घेतले, सारं तोंडपाठ. घरी चार एकर संत्र्याची बाग होती, पण लोक त्यांना ओळखत ते आवाजानं.

दहा वर्षांच्या शुगरनं हिरड्या सैल केल्या आणि वरचे, अगदी समोरचे दोन दात गेले. त्यांनी काढता-घालता येणारे दात बसवून घेतले. पुढच्याच पटात "आली, आली, पाखऱ्याची जोडी आली!" असं जीव खाऊन ओरडताना ते दात उडाले आणि पंचांच्या चहाच्या कपात जाऊन पडले. सारा पट पोट धरून हसला. वासुदेवरावही हसले. पण त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी ते दात काढून फडताळात टाकून दिले.

दोन दिवसांनी त्यांनी बायकोला, आनंदाबाईंना सांगितलं, "म्या आता पक्के दात बसवतो. स्क्रूवाले."

"बसवा ना. पण तुमच्या शुगरचं काय?"

"दाताले शुगर काय करते वो?"

हाच प्रश्न त्यांनी आर्वीला डॉक्टर समीक्षाच्या दातांच्या दवाखान्यातही विचारला. पोरगी तिशीची, पण बोलण्यात पक्की. तिनं आधी रक्त तपासायला लावलं. तीन महिन्यांची सरासरी शुगर दहाच्या वर निघाली.

"काका, आज स्क्रू बसवून देईन," ती म्हणाली, "पण त्याला धरून ठेवणार तुमचं हाड. स्क्रूभोवती नवीन हाड भरून यावं लागतं. एवढ्या शुगरमध्ये ते नीट भरत नाही, जखम चिघळते. मग स्क्रूही जाईल आणि हाडही. आधी शुगर साताच्या आसपास आणा. आणि तो तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद."

"खर्राही?"

"खर्रा आधी."

वासुदेवराव तणतणत बाहेर पडले. दुसरा डॉक्टर पाहू म्हणाले. बसमध्ये आनंदाबाईंनी शांतपणे विचारलं, "अन् तोही हेच म्हनला तं?"

मग माणूस लागला कामाला. शुगरच्या डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, जेवणाच्या वेळा ठरवून दिल्या. चहातली साखर गेली. सकाळी बागेच्या धुऱ्यानं, बांधाबांधानं, चार फेऱ्या सुरू झाल्या. खर्रा सुटताना मात्र त्यांनी घर डोक्यावर घेतलं. आठ दिवस ते कोणावरही खेकसत होते. शेवटी आनंदाबाईंनी त्यांच्या खिशात बडीशेपेची डबी ठेवली, तेव्हा घर जरा निवांत झालं. हिरड्या साफ करून घ्यायला दर महिन्याला आर्वीची फेरी होतीच.

सहा महिन्यांनी रिपोर्ट आला. सात पूर्णांक एक. वासुदेवरावांनी तो कागद दवाखान्यात बसलेल्या अनोळखी माणसांनाही दाखवला.

स्क्रू बसले. दुखेल म्हणून ते खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते, काम संपलं तरी हात सुटेनात, तेव्हा समीक्षा म्हणाली, "काका, माझी खुर्ची सोडा आता."

पण नवव्या दिवशी साळ्याच्या पोराचं लग्न आलं. गरम जिलबी समोरून गेली, आणि वासुदेवरावांनी मनसोक्त उचलल्या. शिवाय दात घासायचा कंटाळा केला. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी हिरडी सुजली. ते एकटेच आर्वीला गेले आणि आत शिरताच म्हणाले, "मॅडम, चूक माही हाय. चार जिलब्या खाल्ल्या."

"चारच?"

"...सहा."

समीक्षा हसू दाबत कामाला लागली. तिनं जखम धुतली, औषध दिलं आणि बजावलं, "तुमचं हाड हळू भरतं. इतरांना तीन महिने, तुम्हाला पाच. मधे हट्ट करायचा नाही."

सूज आठवड्यात उतरली. पुढचे पाच महिने त्यांनी दात घासण्याची वेळ एकदाही चुकवली नाही. पाचव्या महिन्याच्या शेवटी समीक्षानं यंत्र लावून स्क्रूची पकड पाहिली आणि मान हलवली, "पक्की. हाडानं धरलंय." खिशातला रुमाल काढून वासुदेवरावांनी उगाच चष्मा पुसला.

स्क्रूंवर दात बसले तेव्हा थंडी पडली होती. साहूरच्या पटात त्यांनी सकाळपासून सूर्य मावळेपर्यंत माईक सोडला नाही. मधल्या वेळात मात्र एक नवी गोष्ट सुरू केली होती. "ज्याईले शुगर हाय, त्याईनं हिरड्या दाखवून घेजा रे भाऊ! अन् तपासनीच्या आंधी खर्रा थुकजा!" गर्दीतून कोणी ओरडलं, "तुमी थुकला का?" त्यावर वासुदेवराव तोंडभर हसले, दोन्ही दात दाखवून.

त्यांच्या सांगण्यावरून रुख्माबाई नावाच्या शेजारणीनं तपासणी करून घेतली. सोबत म्हणून गेलेल्या आनंदाबाईंनीही बोट पुढे केलं, तर त्यांचीही शुगर थोडी वाढलेली निघाली. आता धुऱ्यावर दोघं सोबत चालतात. आनंदाबाई पुढे असतात, आणि मागून वासुदेवराव ओरडतात, "हळू चाल वो, मले बोलता येऊन नाई राह्यलं!"