दुसरं चायनीज: यवतमाळ ते ढाणकी आणि परत

लोक हिमालयाचे फोटो बघून प्रवासाला निघतात. मला एका लाल पाटीचा फोटो पुरला. माझ्या धाकट्या भावाने, अनंताने, तो व्हॉट्सॲपवर पाठवला होता. पाटीवर पिवळ्या अक्षरांत 'शर्वरी चायनिझ कॉर्नर, ढाणकी' आणि खाली बारीक अक्षरांत 'मास्टर – कु. शर्वरी (तैवान)'. त्याच संध्याकाळी मी पिशवी भरली.

शर्वरी ही अनंताची मुलगी. अकरावीपासून यवतमाळला माझ्याकडे राहत होती. तिला तैवानमधल्या एका विद्यापीठात चिनी तत्त्वज्ञानाच्या एम. ए.ला प्रवेश मिळाला होता, शिष्यवृत्तीसकट. पुढच्या महिन्यात जायचं होतं. ही बातमी आमच्या सोसायटीत पसरल्यावर लोक सांत्वनाला आल्यासारखे येऊन गेले. 'चीनशी तर आपलं भांडण आहे ना?' 'तिकडे ती खाईल काय?' एका निवृत्त साहेबांनी तर 'तत्त्वज्ञान आपल्याकडे काय कमी आहे?' असं विचारलं. त्यांच्या घरात पंचांग सोडून दुसरं पुस्तक मी पाहिलेलं नाही. मुलगी इंजिनिअर झाली असती तर काय शिकलीस हे एकानेही विचारलं नसतं. पॅकेज विचारून चहा प्यायले असते.

वडिलांना मात्र तिने फोनवर सांगितलं होतं, "बाबा, मी चायनीजमध्ये मास्टर्स करायला तैवानला जाते."

अनंताचं ढाणकीत कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. तैवान त्याला पपईच्या जातीमुळे ठाऊक. चायनीज म्हणजे प्रत्येक बसस्टँडसमोरची लाल गाडी. आणि आमच्या भागात मास्टर म्हणतात तो हॉटेलात कढईपुढे उभा राहतो. एका वाक्यात तीन शब्द, तिन्ही त्याला आधीपासून माहीत असलेले, आणि तिन्हींचा अर्थ भलताच. त्याने जागच्या जागी परवानगी देऊन टाकली.

"आणि तू गप्प बसलीस?" मी विचारलं.

"ते किती खूश झाले, आत्या! म्हणाले, हॉटेल लाइन चांगली हाय, बिनधास्त जाय. आता खरं सांगितलं आणि ते नाही म्हणाले तर?"

तर ती जाणार नाही, हे मला ठाऊक होतं. बापाचा शब्द मोडून विमानात बसणारी ती मुलगी नाही. पण तिच्याच तोंडून मी ऐकलं होतं, की तिच्या विषयात एक जुना विचार आहे: राज्य सुधारायचं तर आधी नावं नीट करा, ज्याला जे नाव दिलं तसंच ते असलं पाहिजे. हे शिकायला समुद्र ओलांडणारी मुलगी बापाला मंचुरियनच्या भरवशावर फसवणार? मला कॉन्व्हेंटात नन्सनी शिकवलं आहे. एक स्पेलिंग चुकलं की शंभर वेळा लिहायला लावायच्या. मी तिला म्हटलं, चल.

जाणाऱ्यांसाठी माहिती: यवतमाळहून आर्णी, महागाव करत उमरखेडपर्यंत सरळ एसटी आहे. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे बस बायकांनी भरलेली आणि पुरुष उभे. हे दृश्य मला फार आवडतं. सकाळची गाडी घ्या, खिडकी उजवीकडची धरा, नाहीतर ऊन थेट तोंडावर. आर्णीपर्यंत रस्ता झकास आहे. रस्ता झकास असला की ड्रायव्हरला शर्यतीचा साक्षात्कार होतो, हे गृहीत धरा. दोन्ही बाजूंना कापूस आणि तूर. महागावला बस थांबते तेव्हा आलुबोंडा खा, पण चटणी आधी जिभेला लावून बघा. मी बघितली नाही.

महागावला एक बाई शेजारी बसल्या. मांडीवर मेथीची पिशवी, चौकशीला उत्साह भरपूर.

"पोरगी काय शिकून राह्यली?"

"चायनीज," शर्वरीने थकून सांगितलं.

"बाप्पा! मंग ते लाल पाणी कायचं टाकतात वं त्याच्यात?"

शर्वरीने खिडकीबाहेर पाहिलं. मी म्हटलं, "ती तत्त्वज्ञान शिकते. विचार. चिनी लोकांचे अडीच हजार वर्षांपूर्वीचे विचार."

बाईंनी मेथी सावरली. "इचार करायले इतक्या दूर कायले जा लागते?"

हा प्रश्न सोसायटीतल्या साहेबांच्या प्रश्नापेक्षा बरा होता.

उमरखेडहून ढाणकीला काळीपिवळी जीप मिळते. भरल्याशिवाय हलत नाही आणि भरली तरी ड्रायव्हरच्या मते भरलेली नसते. ढाणकीत उतरलो तर अनंता स्टँडवरच उभा. पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, मला "ये ताई" म्हणाला, आणि घरी न नेता थेट चायनीजसाठी घेतलेला गाळा दाखवायला घेऊन गेला.

पाटी फोटोपेक्षा भयंकर होती. कोपऱ्यात ड्रॅगन. पेंटरचा हात ट्रॅक्टर आणि निवडणुकीच्या भिंती रंगवून बसलेला, त्यामुळे तो ड्रॅगन मिशा फुटलेल्या घोरपडीसारखा दिसत होता. पेंटर शिडीवर बसून तिच्या शेपटीला हिरवा रंग देत होता.

"कसा झाला, ताई?" अनंताने विचारलं.

"चायनीजमधला ज चुकला आहे."

"तुले फक्त चुका दिसतात. आयक ना, ढाणकीत सगळे हासले मले. पोट्टी हॉटेलात मास्टर होणार म्हणे! मी म्हणलं, होईल. काम काम असते. गाळा घेतला, पाटी लावली, आता हासा."

मी तयार करून आणलेलं पहिलं वाक्य जुळवत होते. एवढ्यात शर्वरीच म्हणाली, "बाबा, मी स्वयंपाक नाही शिकणार तिकडे."

"मंग?"

"तत्त्वज्ञान. चिनी तत्त्वज्ञान. मास्टर्स म्हणजे एम. ए., फक्त पदवी. कढईवाला मास्टर नाही."

पेंटरचा ब्रश शेपटीवर थांबला. अनंता पाटीकडे, मग पोरीकडे बघत राहिला.

"म्हणजे हे खायचं चायनीज नव्हे?"

"नाही. विचाराचं."

"मी भलतंच समजलो, हे तुले फोनवरच ठाऊक होतं?"

"हो."

"अन् मी गाळा घेतला तेव्हा?"

"हो, बाबा."

आमच्या घराण्याला शोभेल असा आरडाओरडा होईल म्हणून मी वाट बघत होते. अनंता हळू बोलला, ते जास्त वाईट. "सारी जिंदगी मी बियाणं इकतो. थैलीवर एक नाव अन् आत दुसरंच बी निघालं, तर कास्तकार माह्या दुकानात येऊन माही गचांडी धरते. बरोबर धरते. तू मले बोगस थैली देली, शरू."

जे मी वाटभर घोकत आले होते, नावं नीट करा वगैरे, ते माझ्या भावाने चीनचा च न काढता सांगून टाकलं. शर्वरी रडली नाही. तिने विचारलं, "थैली परत देता का? मी बरोबर नाव सांगून नव्यानं मागते."

"माग."

"बाबा, मी चिनी तत्त्वज्ञान शिकायला दोन वर्षं तैवानला जाऊ? परत आल्यावर नोकरी लागेलच असं नाही. आणि चायनीज मला तेव्हाही करता येणार नाही."

"इचार करतो," अनंता म्हणाला आणि दुकानाकडे चालता झाला. पेंटरने मला विचारलं, "ताई, शेपूट पुरी करू का ठेवू?"

घरी माझी भावजय सुनंदा चुलीवर वांगी भाजत होती. सगळं ऐकून तिने भाकर उलटली. "मले तं पयलेच डाऊट होता. जिले कांदा चिरता येत नाही ते मास्टर कायची होते?"

"मग तू बोलली का नाहीस?"

"या घरात मले कोणी इचारलं?"

ढाणकीचं भरीत अप्रतिम असतं; त्या जेवणात ते कोणाच्या लक्षात आलं नाही. अनंता खाली मान घालून जेवला आणि उठला.

सकाळी आम्हाला सोडायला स्टँडवर आला. मी परतीला पुसद, दिग्रसचा रस्ता निवडला होता, थोडा लांबचा, पण दिग्रसची तर्रीवाली पोह्याची प्लेट वाया घालवू नये. गाडी लागली. शर्वरी पाया पडली. अनंता म्हणाला, "जाय."

"जाय म्हणजे गाडीत बसू, की तैवानला?"

"दोन्ही. अन् तिथं पपईचं बी पाहून ठेवजो. थैलीवरचं नाव वाचून."

दिग्रसच्या पोह्यांवर शर्वरीने तर्री दोनदा मागितली आणि माझ्याही प्लेटमधलं संपवलं. कालपासून तिने नीट खाल्लंच नव्हतं, हे मला तेव्हा दिसलं.

शर्वरी जाऊन आता काही आठवडे झाले. तिची खोली मी झाकपाक करून ठेवली आहे. सोसायटीत काहीजण चायनीज ऐकून अजून विचारतात, 'कॅन्टीनमध्ये लागली का हो?' मी त्यांना विषयाचं पूर्ण नाव सांगते, प्रत्येक वेळी, सावकाश, जसं नन्स आम्हाला सांगायच्या.

परवा अनंताने पुन्हा फोटो पाठवला. गाळा त्याने सोडला नाही. पुसदहून खरा मास्टर आणला. घोरपड तशीच, शेपटीसकट. वर 'अनंता चायनीज', आणि ज बरोबर. खाली बारीक अक्षरांत: 'आमची मुलगी शिकते ते चायनीज दुसरे.'

मी काही म्हणायच्या आत त्याचा फोन आला. "ताई, भलतीच आफत झाली. चार गिऱ्हाइकं बसले अन् दुसरंच चायनीज मागून राह्यले. हाफ प्लेट. काय सांगू?"

"सांग, ते आमच्याकडेच आहे," मी म्हटलं, "पण शिजायला दोन वर्षं लागतात."