तारखेला घड्याळ नसतं

संगणकाच्या पडद्यावर कुठेही तारीख दिसली की आपा तिच्यावर बोट टेकवायच्या आणि विचारायच्या, "हे काय हाय? तारीख का वेळ?" काचेवर बोटांचे डाग पडत. पुसायचं काम माझ्याकडे असे. तारखेत वेळ आलीच की, असं मी एकदा म्हटलं, तर त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुह्या वाढदिवसात किती वाजले असतात?"

ही सवय त्यांना पहिल्यापासून नव्हती. ती कशी लागली, तेच सांगते आहे.

यवतमाळात एका औषधाच्या दुकानावरच्या माडीत आमचं छोटं ऑफिस होतं. आम्ही वेबसाइट बनवायचो. मी पडद्यावर दिसणारी पानं करायचे, आपा त्यामागची सगळी यंत्रणा. त्या दिग्रसच्या. वडील कापसाच्या जिनिंगमधली यंत्रं दुरुस्त करायचे, ते वारल्यावर घरी आई एकटी. दर शनिवारी आपा दिग्रसची एसटी धरत. वयाने माझ्याहून थोड्याच मोठ्या, पण ऑफिसात सगळे त्यांना आपाच म्हणत, अगदी आमचे साहेबसुद्धा.

कामात त्या फटकळ होत्या. बँकेचा खातेक्रमांक मी एकदा संख्या म्हणून ठेवला आणि त्याच्या सुरुवातीची शून्यं गळून गेली. आपा म्हणाल्या, "त्याची बेरीज करून राह्यली का तू? मंग तो आकडा नोहे, नाव हाय." पुढे डब्यातली अर्धी भाकर माझ्याकडे सरकवली. रागावल्यावर त्या नेहमी काहीतरी खायला देत. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील.

कापसाची ती वाईट वर्षं होती. बोंडअळीने पीक जायचं, म्हणून फवारण्या वाढायच्या, आणि फवारणीचं विष अंगात जाऊन माणसं दवाखान्यात यायची. काही परत जायची नाहीत. अशा घरातल्या मुलांच्या शिक्षणासाठी मदत करणाऱ्या एका संस्थेचं काम आमच्याकडे आलं. कुटुंबाची माहिती वेबसाइटवर भरायची, त्यावरून प्रत्येक घराला एक पत्र छापून जायचं.

ते पत्र हातात धरून एक दिवस मुकुटबनकडची एक बाई जिना चढून वर आली. सोबत कोणी नव्हतं. संस्थेने तिला आमच्याकडे पाठवलं होतं. बसा म्हटलं तरी बसली नाही.

"माहा माणूस सोमवारी गेला," ती म्हणाली. "तुमच्या कागदावर आदल्या दिवसाची तारीख कायले?"

मी म्हटलं, छापताना चूक झाली असेल.

"रविवारी तो जित्ता होता बाई. रविवारी त्यानं पोरीची वेणी घातली. वाकडी घातली, पण घातली. मदत दोन दिवस उशिरा द्या, मले चालते. पण तो दिवस काहून काढून घेता आमचा?"

आपा आपल्या खुर्चीतून उठल्या. त्यांनी पत्र पाहिलं, मग संगणकावर पाहिलं. तिथेही रविवारच होता. त्या बाईजवळ येऊन म्हणाल्या, "चूक माही हाय. मी दुरुस्त करतो. तुम्ही चहा घ्या."

चूक बारीक होती. पानावर सोमवार निवडला की संगणक त्याला गुपचूप रात्रीचे बारा चिकटवी. ती माहिती पुढे पाठवण्यासाठी मजकुरात बदलली जाताना वेळ जगाच्या घड्याळाप्रमाणे होई, म्हणजे आपल्याहून साडेपाच तास मागे. सोमवार सुरू होतानाच्या मध्यरात्रीची रविवार संध्याकाळ होऊन जाई. पलीकडे आपांचा प्रोग्राम वेळ कापून फक्त तारीख ठेवी. उरायचा रविवार.

दुरुस्ती आपांनी जेवणाच्या सुट्टीआधीच केली. तारीख आता साधी अक्षरं म्हणून जायची: वर्ष, महिना, दिवस. घड्याळ नाही. पण आधी भरलेल्या नोंदींचं काय? काही संस्थेच्या जुन्या फाइलींतून जशाच्या तशा आल्या होत्या, त्या बरोबर होत्या. काही आमच्या पानावरून भरल्या होत्या, त्या एक दिवस मागे गेल्या होत्या. दोन्ही एकात मिसळलेल्या. कोणती कुठली, हे सांगणारी खूण कुठेच ठेवलेली नव्हती.

साहेब म्हणाले, "सगळ्यांत एक दिवस वाढवून टाका अन् मोकळे व्हा."

"मंग ज्याईचा दिवस बरोबर हाय, त्याईचा चुकंल," आपा म्हणाल्या. "मी इचारतो."

आणि त्यांनी एकेका घरी फोन लावायला सुरुवात केली. विचारायचं एवढंच होतं, तारीख कोणती? पण पलीकडून नुसती तारीख कधी आलीच नाही. लोक अख्खा दिवस सांगत. सकाळी काय खाल्लं, पंप पाठीवर कोणी चढवून दिला, उलट्या कधी सुरू झाल्या, गाडी कोणाची मिळाली. आपा मध्ये तोडत नसत. "हाव... हाव..." एवढंच ऐकू येई. फोन ठेवल्यावर मगच तारीख लिहीत.

मी म्हटलं, आपा, थोडे फोन मी करते. त्या म्हणाल्या, "नको. तुले झोप नाही येणार."

त्यांना तरी कुठे येत होती? त्या वाळल्या, पोट दुखतं म्हणून गोळ्या घेऊ लागल्या. आम्हाला वाटलं, जागरणं आणि चहा. दवाखान्यात जा म्हटलं की म्हणत, "आधी हे काम होऊ दे." फोन संपले, सगळ्या घरांना नवी पत्रं गेली, तेव्हा त्या नागपूरला दाखवायला गेल्या. डॉक्टरांनी सोबत आलेल्या आईला बाहेर बसवून आपांनाच सांगितलं. पोटातली गाठ कॅन्सरची होती आणि बरीच पसरली होती.

नागपूरला मी भेटायला गेले, तर उशीजवळ लॅपटॉप. म्हणाल्या, "ज्याची जन्मतारीख माहीत नाही, त्याले तुह्या पानावर एकोणीसशे सत्तरची एक जानेवारी दिसून राह्यली. रिकामं हाय तं रिकामं दाखव. माहीत नाही असं लिहाले लाज कायची?" रिकाम्या जागी संगणक आपणहून तीच तारीख दाखवतो. मी हसले. त्याही हसल्या, पण हसताना त्यांनी पोट धरलं. मी तिथेच बसून ते पान दुरुस्त केलं. त्यांनी पाहिलं आणि डोळे मिटले. जाताना बिस्किटाचा पुडा माझ्या हातात कोंबला.

पुढच्या आठवड्यात आपा गेल्याचा फोन आला.

दिग्रसच्या घरी मी गेले, तेव्हा पाहुणे पांगले होते. आपांच्या आई ओसरीवर बसल्या होत्या. मला आत नेऊन जेवायला वाढलं, स्वतः समोर बसल्या. मग विचारलं, "बेटा, ते तिथं काम काय करत होती? मले तं कधी समजलंच नाही."

मी त्यांना मुकुटबनकडच्या बाईची गोष्ट सांगितली. वाकड्या वेणीचीही.  ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "घरी आली की नुसती झोपायची. काही बोलत नव्हती माही पोरगी."

मला सोडायला त्या बसस्टँडवर आल्या. नको म्हटलं तरी आल्या. यवतमाळची गाडी लागली, मी खिडकीशी बसले. गाडी हलली तशा त्या दोन पावलं सोबत चालल्या आणि आपांना दर वेळी म्हणत असतील तसं, सवयीने म्हणाल्या, "पोचली का फोन करजो."

बोलून झाल्यावर त्यांचा चेहरा बदलला. पदर तोंडाशी गेला.

यवतमाळला उतरल्यावर मी स्टँडवरूनच फोन लावला. पहिल्याच घंटेला त्यांनी उचलला.

"पोचले," मी म्हटलं.

"पोचली ना," त्या म्हणाल्या. मग दोघींपैकी कोणीच फोन ठेवला नाही.